चौथ्या मजल्याचं वजन

माझ्या तोंडाला सगळी बिल्डिंग घाबरते. हाताखालच्या सहा बायका, वॉचमन, लिफ्टवाला, एवढंच काय, मी पोछा घेऊन निघाले की टायवाले साहेबसुद्धा मुकाट पाय वर उचलून बसतात. बावीस वर्षं झाली मला इथे, त्यातली बारा मुकादम म्हणून. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी भोळी समजायला नको.

सहा बायकांतली एक माझी नणंद. चौथा मजला तिचा. तिला सगळे बेबी म्हणतात. पंचेचाळिशी उलटली, केस पिकले, तरी बेबीच. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा दोन वर्षं आमच्याकडे राहिली, पडद्यामागे खाट टाकून. त्या दोन वर्षांत आमचं एक दिवस पटलं नाही. भाजीत मीठ जास्त का, नळ गळका कुणी ठेवला, कशावरूनही जुंपायची. शेवटी मीच तिला इथे चिकटवलं आणि तिसऱ्या महिन्यात तिने भाड्याची खोली घेतली. एवढीशी खोली, पण तिची. "वहिनी, आता मला कुणी ऊठ म्हणत नाही, बस म्हणत नाही," असं म्हणायची. ती राबत होती ती त्या खोलीसाठी.

तर मालकांच्या डोक्यात आलं, बिल्डिंगमध्ये कचरा किती होतो ते मोजायचं. त्यासाठी एक चष्मेवाली मुलगी आली. दोन दिवस तिने नुसती बिल्डिंग पालथी घातली. डबे मोजले, एकशे अठरा भरले. कुठल्या मजल्यावर किती माणसं, चहाचं मशीन कुठे, सगळं लिहून घेतलं. मग आम्हाला तळघरात बोलावून समजावलं. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक मजल्याच्या पिशव्या वेगळ्या ठेवायच्या. पिशवीवर मजला आणि वार लिहिलेली चिठ्ठी लावायची. सगळं तळघरात आणायचं. ती ताडपत्रीवर पिशव्या उघडणार, उष्टं-खरकटं, कागद, प्लास्टिक, बाथरूममधलं असे ढीग करणार आणि एकेक ढीग काट्यावर ठेवणार.

"एकच विनंती आहे मावशी," ती मला म्हणाली. "नेहमीसारखंच काम करा. जास्त नको, कमी नको."

मी मान डोलावली. आणि ती गेल्यावर बायकांना गोळा करून म्हटलं, "परकी पोर आपल्या पिशव्या उघडून बघणार आहे. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरतो ना आपण? उष्टं असेल ते सकाळीच मागच्या मोठ्या डब्यात नेऊन टाकायचं. कपातला चहा बेसिनमध्ये ओतायचा. जेवणाचे डबे विसळून मगच पिशवीत. ओले टिश्यू दिसता कामा नयेत."

"पण वहिनी, ती नेहमीसारखं म्हणाली ना?" बेबीने विचारलं.

"तू गप गं! फोटो काढून नेईल आणि म्हणेल, काय घाण आहे यांच्याकडे. मग नाक कुणाचं कापलं जाईल?"

झालं. पाच दिवस आमच्या पिशव्या अशा खाली आल्या की कुणी म्हणावं, रुखवतच मांडलाय. चौथ्या मजल्याचा काटा सहा किलोच्या वर गेला नाही. एरवी ती पिशवी उचलताना बेबी कण्हते. चष्मेवालीने दोनदा विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच!" वर मिशीत हसावं तशी हसलेसुद्धा, मेली मी.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुशीत होते. म्हणाले, "एवढ्या कमी कचऱ्याला सहा बायका कशाला? पाच पुरतील. सगळ्यात शेवटी लागलेली कोण? बेबी ना? महिनाअखेरीला तिला सांगा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. केबिनमधून बाहेर पडले मी. मग जिना उतरून तडक तळघरात गेले. चष्मेवाली काटा न्यायला आली होती. तिला म्हटलं, "ताई, ते आकडे खोटे आहेत. आम्ही कचरा आवरून आणत होतो." तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, सर्वे पुन्हा करावा लागेल, आणि का ते साहेबांना सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगा. बेबीला मी चौथ्या मजल्यावर गाठून हे सगळं सांगितलं. "पुन्हा मोजलं की तुझी जागा राहते. घाबरू नको." ती पायरी पुसत राहिली.

दुपारी साहेबांनी आम्हाला तळघरात ओळीने उभं केलं. खोट्या आकड्यांचा अहवाल त्यांनी आधीच मालकांकडे पाठवून दिला होता. सगळ्यांसमोर तोंडघशी पडले होते, त्यामुळे डोळे लाल.

"हे करायला कुणी सांगितलं? जिने सांगितलं ती आजपासून घरी."

बायका माझ्याकडे बघेनात. एकीनेही बघितलं नाही, एवढं राखलं त्यांनी माझं. मी तोंड उघडलं. देवाशपथ, उघडलं होतं.

"मी सांगितलं, साहेब," बेबी म्हणाली. "वहिनीला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा तिनेच त्या ताईंना सांगितलं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "खरं आहे?"

घरी नवरा पाठीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणावर. माझ्या पगारावर चूल पेटते. हे सगळं आहे, पण त्याच्याआड मी लपणार नाही. खरं एवढंच की मी भ्याले. बावीस वर्षं हिला झाप, त्याला झाप करणारी मी, आणि माझी दातखीळ बसली. मान हलली माझी. खाली-वर हलली.

बेबीने तिथेच ॲप्रन काढून घडी घातली. जिन्यात मी तिचा हात धरला तर म्हणाली, "सोड. दादाची औषधं तुझ्यावर आहेत. मी काय, एकटा जीव."

सर्वे पुन्हा झाला. या वेळी बायकांनी पिशव्या आहेत तशा आणल्या. गळणाऱ्या, आंबलेल्या, तळघरात उभं राहवेना. चौथ्या मजल्याचा काटा रोज सतरा-अठरावर जात होता. अहवालात आलं की सहा बायका हव्यातच. चौथ्या मजल्यावर नवी बाई लागली. तिला काम मीच शिकवलं.

भाड्याची खोली सोडून बेबी आमच्याकडे आली. पुन्हा तीच खाट, तोच पडदा. मिठावरून भांडत नाही आता. मी काही वाढलं तरी खाते, त्याचाच जास्त त्रास होतो.

परवा रविवारी दुपारी तिघं जेवायला बसलो होतो. नवऱ्याला हल्ली जरा उठून बसता येतं. भात कालवता कालवता तो बेबीला म्हणाला, "चांगली नोकरी होती. कशाला नसते उपद्व्याप केलेस? हिच्याकडून शिकायचं होतंस काहीतरी. बावीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही हिच्याकडे."

मी भाताचं भांडं हातात धरून बसले होते. बेबीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चुकलंच दादा माझं," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं. मी वाढलं.