आधी माहा फोटू काढ!

मित्रांनो, मी एक जुना डबा कॅमेरा आहे, पण मला बिचारा म्हणू नका. अंग पुठ्ठ्याचं, वर काळं कापड, पुढे काचेचा एकच डोळा. इंग्रजांच्या राज्यात वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. नागपूरच्या दुकानात गिऱ्हाइकं मला खेळणं समजत. अमडापूरच्या मुलींच्या शाळेतल्या कौशल्याबाईंनी मात्र मलाच उचललं.

त्या वर्षी शाळेतल्या चार मुली पहिल्यांदाच चौथी पास झाल्या. बाईंना त्यांचा फोटो वर्गात लावायचा होता. पण त्यांतल्या कोकिळाचे वडील इंद्रभान शाळेच्या दारातच आडवे उभे राहिले.

"फोटूनं आयुष्य कमी होते, बाई. माह्या पोरीले मी त्या डब्यासमोर उभी नाही करत!"

बाकीचे बापही माना डोलावू लागले. मी आयुष्य खातो म्हणे! असा संताप आला, पण बोलणार कसा?

तेवढ्यात भाजी विकणाऱ्या तानुबाई टोपली खाली ठेवून पुढे आल्या. सत्तरी उलटलेली.

"काऊन रे इंद्रभान? आधी माहा फोटू काढू दे. पुढच्या बाजारी मी जिती दिसली, तं पोरीले धाडशील?"

"हाव, धाडीन."

तानुबाई उन्हात ताठ बसल्या. बाईंनी मला पोटाशी धरलं, श्वास रोखला आणि कळ दाबली.

चौथ्या दिवशी तानुबाईंना हिवताप भरला. "फोडा तो डबा!" गावात ओरड झाली. बाईंनी मला लपवलं नाही. सगळ्यांना दिसेल असं खिडकीत ठेवलं. म्हातारीचं बरंवाईट झालं असतं, तर मुलींची शाळाच उठली असती.

बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत तानुबाईंची जागा रिकामी. मग घोंगडी पांघरलेली म्हातारी लेकाचा हात झिडकारत आली आणि वांगी मांडून बसली.

"हिवताप मले दरसाल येते बे! तवा कोणता डबा होता?"

इंद्रभान तिथूनच वळले. घरी गेले आणि कोकिळाला घेऊन शाळेत आले. तिच्या वेणीची फीत स्वतः नीट केली.

"बाई, माह्या पोरीले मधात उभी करा."

कोकिळा हसली नाही. तिनं थेट माझ्या डोळ्यात पाहिलं.

मित्रांनो, आज माझं कापड सुटलंय, माझ्या मापाचा रोलही मिळत नाही. माझी धूळ जरूर पुसा, पण दया नको. आणि कुणी मुक्या वस्तूवर खापर फोडून मुलींची वाट अडवू लागलं, तर मागे उभे राहू नका. तानुबाईंसारखे पुढे येऊन बसा.