विझवलेला लाल दिवा

एक होता भाड्याची गाडी चालवणारा, एक होती त्याची बायको, घरी बसून कपडे शिवणारी, आणि एक होती त्याची आई, गुडघ्यांनी थकलेली पण जिभेने नाही. त्यांच्या जुन्या गाडीत, स्टिअरिंगमागच्या काचेआड राहायचो मी. मी ऑइलचा दिवा बोलतोय. अंगावर तेलाच्या बुधलीचं चित्र, रंग लाल.

माझं काम एवढंसंच. चावी फिरली की डोळा उघडायचा, इंजिन सुरू झालं की मिटायचा. मिटला नाही, तर समजायचं, इंजिनाच्या पोटात तेल नीट फिरत नाही. शेजारच्या पिवळ्या दिव्याचं वेगळं. तो म्हणतो, एक-दोन दिवसांत गाडी दाखवा. मी म्हणतो, आत्ता थांबा. ज्या गाडीत माझी कोणाला ओळख नसते, ती गाडी सुखी.

एका रणरणत्या दुपारी सिग्नलला उभं असताना मी लुकलुकलो. त्याने काचेवर टिचकी मारली, मग सहज एक्सलरेटर दाबला. मी विझलो. माझ्या मनात नव्हतं हो. पण इंजिन जोरात फिरलं की उरलंसुरलं तेल रेटलं जातं, आणि माझा डोळा मिटतो.

तो मात्र खूष. गाड्यांच्या अड्ड्यावर सगळ्यांना शिकवायला लागला, "दिवा लागला की जरा पाय द्यायचा. गप बसतो." खालून थेंब थेंब तेल गळत होतं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

त्याच वर्षी, लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, बायकोला दिवस राहिले होते. घर डोंगरमाथ्यावर, दवाखाना घाटाखाली. एका सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती पुढे बसली, सासू मागे.

घाटाच्या तोंडाशी रस्त्याचं काम चाललेलं. लाल झेंडा धरलेल्या माणसाने सगळ्यांना अडवलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मी लागलो. त्याने पाय दिला, विझलो. पाय काढला, पुन्हा लागलो. इंजिनातून खडखड यायला लागली.

"अहो, हा का लागतोय सारखा?" बायकोने विचारलं.

"काही नाही गं. सवय आहे त्याला. हे बघ, गेला."

मागून म्हातारी म्हणाली, "लहानपणी बापाला ताप आला की तू थर्मामीटर झटकून आणायचास. म्हणायचास, आई, ताप उतरला."

तो हसला, पण अर्धवट.

"पारा उतरायचा रे बाळा. बाप तापलेलाच असायचा."

झेंडा खाली गेला. पुढची वाहनं उताराला लागली. बायकोने दार उघडून एक पाय बाहेर ठेवला. "अहो, बंद करा गाडी. मी अशी खाली येणार नाही."

त्याने चावी फिरवली. बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टी कोरडी, टोकाला नावापुरता काळा ओलावा. मागे वळून पाहिलं, तर आलेल्या रस्त्यावर काळ्या थेंबांची रांग. त्याने मागच्या जीपला हात केला.

मागच्या जीपवाल्याने सासू-सुनेला दवाखान्यात पोचवलं. गाडी दोरीने ओढत गॅरेजात गेली. मिस्त्री म्हणाला, "आणखी दोन वळणं, आणि इंजिन जाम. मग स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. आणि खाली दरी." पुढे अड्ड्यावर जाऊन त्याने 'जरा पाय द्यायचा' हा धडा परत घेतला.

बाबांनो, मी लागलो तर मला विझवू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पट्टी बघा. तेल घालूनही मी गेलो नाही, तर गाडी ओढून न्या.

आता या गाडीत एक रीत आहे. चावी फिरली की मी विझेपर्यंत कोणी बोलत नाही. आईच्या मांडीवरची चिमुरडीसुद्धा बोट रोखून माझ्याकडे बघते. मी मिटलो की तीच आधी टाळ्या वाजवते, आणि म्हातारी लेकाला म्हणते, "चल बाळा, आपल्या या छोट्या लक्ष्मीने परवानगी दिली."