चपलेतली किल्ली

मित्रांनो, सकाळपासून मी देवघराशेजारच्या खिळ्याला लटकते आहे आणि मनात एकच आहे की आज मला कुणी हात लावू नये. थकले मी. लोखंडाला कसला थकवा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! जन्मभर दुसऱ्याच्या बोटांनी फिरून बघा, मग बोलू.

मी एका जुन्या पितळी कुलपाची किल्ली आहे. बोटभर लांब, डोक्याला कडी, पुढे चार दात, त्यातला शेवटचा झिजलेला. माझा जन्म तमिळनाडूतल्या दिंडिगलचा. तिथं कुलपं हातानं घडवतात. मला घडवणारा म्हातारा एकेक दात कानशीनं घासायचा, कुलपात घालून बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. दोन दिवस त्यानं माझा जीव खाल्ला. शेवटी कुलूप ‘कट्’ करून उघडलं, तेव्हा तो म्हणाला, “आता हे दुसऱ्या कुणाला भीक घालणार नाही.” माझी एक जुळी बहीण होती. ती तंजावूरला विहिरीत पडली, ती पडलीच. तेव्हापासून मी एकटी.

तंजावूरच्या एका मराठी घरात मी आले. घरात लग्न होतं. सासऱ्यांनी नव्या सुनेला पेटी दिली, पेटीला कुलूप लावलं आणि मला तिच्या हातात ठेवलं. ही सून म्हणजे आमची महालक्ष्मी. तिनं मला कंबरेला खोचलं आणि त्या जागेवर मी पुढची तीस वर्षं राहिले. तिचे यजमान रघुरामराव चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षणाच्या कारखान्यात होते. तिथल्या क्वार्टरमध्ये ती स्वयंपाक करायची, मुलाला शाळेत सोडायची, शेजारणींशी तमिळमध्ये भांडायची, घरात येऊन मराठीत रडायची आणि मी तिच्या कंबरेला किणकिणत सगळं ऐकायची. त्यांची मराठी जुनी, मित्रांनो. कितीतरी पिढ्यांपूर्वी गाव सोडून आलेली आणि वाटेत तमिळ होत गेलेली.

माझं कौतुकही झालं बरं का. निवृत्तीनंतर त्यांनी तांबरमला घर घेतलं आणि एका वर्षी पाणी थेट घरात शिरलं. पेटी तीन दिवस पाण्यात होती. चौथ्या दिवशी मला फिरवलं आणि कुलूप पहिल्या फिरकीला उघडलं! रघुरामराव मग येईल त्याला तेच सांगत सुटले. “दिंडिगलचं आहे. किल्लीशिवाय कुणाच्या बापाला उघडायचं नाही.” मी आपली फुगून बसायची. हेच वाक्य पुढे एका गरीब माणसाच्या मुळावर येणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मग घरात लोखंडी कपाट आलं, त्याच्या किल्ल्या त्याच्याबरोबर आल्या आणि आमची रवानगी खणात झाली. रबरबँड, जुनी रेशनकार्डं, बंद पडलेली घड्याळं आणि आम्ही दोघं. सात वर्षं कुणी विचारलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? आता मात्र त्या खणाची फार आठवण येते.

गेल्या वर्षी महालक्ष्मीचे गुडघे आणि साखर यांनी एकदमच उचल खाल्ली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. जवळच पहिल्या मजल्यावर जिम होती, खाली पार्किंग. मालक मधुसूदन, स्वतः भल्या दंडांचा माणूस. त्याच्या जिमचा नियम असा, की लॉकर जिमचा, कुलूप ज्याचं त्याचं. महालक्ष्मीनं खण उघडला आणि आम्हाला बाहेर काढलं. ते पितळी धूड लॉकरला लटकलेलं बघून तिथल्या पोरी हसल्या. “आंटी, देवळाचं कुलूप आणलंत का?” महालक्ष्मीही हसली. साठीला टेकलेली बाई मुलाचा जुना टी-शर्ट आणि चुडीदार घालून ट्रेडमिलवर चालत होती. मला तिचा अभिमान वाटला.

पण घोळ इथंच झाला, मित्रांनो. साडीला कंबर असते, तिथं मी खोचली जायची. चुडीदारात मला कुठं ठेवणार? खिसा नाही. हातात धरलं तर वजनं उचलता येत नाहीत. आणि जिमच्या दारात मधुसूदननं आंजनेयाची तसबीर लावलेली, रोज सकाळी कापूर लावून मगच यंत्रं सुरू करायची, त्यामुळे चपला बाहेरच्या मांडणीवर काढून ठेवायच्या. सगळ्यांनी आपापल्या मनानं एकच युक्ती काढली. चप्पल काढायची आणि लॉकरची किल्ली आत अंगठ्यापाशी सरकवून द्यायची. देवाच्या दारातल्या चपलेत कोण हात घालतो? महालक्ष्मीनंही तेच केलं. कंबरेवरून मी चपलेत आले. घामट वास, अंधार, शेजारच्या चपलांतून तशाच बसलेल्या दहा-बारा लहान किल्ल्या. सांगू कुणाला?

एकानं मात्र ते पाहिलं. पार्किंगचा वॉचमन सुब्बा. पन्नाशी उलटलेला, गळ्यात शिट्टी, एका पायानं किंचित लंगडणारा. एकदा महालक्ष्मीची चप्पल मांडणीवरून घसरून जिन्यातून खाली गेली आणि मी ठणकन त्याच्यासमोर जाऊन पडले. तो मला घेऊन वर आला, सगळ्यांसमोर तिच्या हातात दिलं आणि तमिळमध्ये चांगलं झापलं. “अम्मा, किल्ली चपलेत ठेवतात का? लहान आहात का तुम्ही?” ती ओशाळून म्हणाली, “उद्यापासनं नाही रे.” दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चपलेतच होते.

आणखी एक गोष्ट होती, जी फक्त मला ठाऊक होती. महालक्ष्मीची ताली, म्हणजे तिचं मंगळसूत्र, सोन्याच्या साखळीत ओवलेलं. एकदा ते व्यायामाच्या यंत्राच्या तारेत अडकलं आणि तिचा गळा आवळता आवळता वाचला. तेव्हापासून ती ते काढून रुमालात गुंडाळायची, पाकिटात घालायची आणि पाकीट लॉकरमध्ये. नवरा जिवंत असताना ताली काढायची नाही, हे त्यांच्या घरात इतकं पक्कं, की तिनं रघुरामरावांनाही सांगितलं नव्हतं. त्याच पाकिटात स्कूटरची किल्ली आणि पार्किंगचं टोकन.

तो मंगळवार होता. मांडणीपाशी एक तरुण बसला. अंगात जिमचे कपडे, मानेवर टॉवेल. बुटाची नाडी बांधत असल्यासारखा वाकला आणि एका चपलेत हात घातला, मग दुसरीत; त्या लहान किल्ल्या कोणत्या लॉकरच्या, ते त्याला कळेना. तिसरी आमची. त्याची बोटं थंड होती. मी ओळखलं, ही आपली बोटं नव्हेत. पण ओळखून काय करू? सगळ्या लॉकरांत आमचं पितळी धूड लगेच दिसतं; त्यानं मला त्यात घातलं आणि फिरवलं. आणि मी फिरले, मित्रांनो. दिंडिगलच्या म्हाताऱ्यानं मला फिरायला शिकवलं होतं, अडायला नाही. पाच मिनिटांत त्यानं पाकीट घेतलं, कुलूप पुन्हा लावलं आणि मला होतं तसं चपलेत ठेवून दिलं. खाली जाऊन त्यानं सुब्बाला टोकन दिलं. पुढे लागलेल्या दोन मोटारसायकली बाजूला ओढून सुब्बानंच त्याला स्कूटर काढून दिली. टोकन आहे, किल्ली आहे, म्हणजे अम्मांचा मुलगा असणार, असं त्याला वाटलं.

महालक्ष्मीनं लॉकर उघडला आणि आत पुन्हा पुन्हा हात फिरवून पाकीट शोधू लागली. मी तिच्या मुठीत होते.

पोलीस आले. कॅमेरा होता, पण तो ट्रेडमिलकडे तोंड करून. चपलांची मांडणी त्यात दिसतच नव्हती. पोलिसांनी विचारलं, “किल्ली कुठं होती, अम्मा?” रघुरामराव धावत आले होते, जिमचे सगळे गोळा झाले होते. आधीच गळा मोकळा, त्यात ‘चपलेत होती’ कोणत्या तोंडानं सांगणार? ती म्हणाली, “माझ्याकडंच होती की. हातातनं सोडली नाही.” सुब्बानं झापल्यापासून ती मला हातातच ठेवते, असं जिममधल्यांनाही खरं वाटलं.

मित्रांनो, मी त्या मुठीत होते. तोंड असतं तर ओरडले असते.

रघुरामरावांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, “दिंडिगलचं आहे. किल्लीशिवाय कुणाच्या बापाला उघडायचं नाही.” पोलीस म्हणाले, “मग कुणीतरी दुसरी किल्ली पाडून घेतली असणार. ही किल्ली कधी कुणाच्या हातात गेली होती?” मधुसूदन जरा विचार करून म्हणाला, “मागच्या आठवड्यात सुब्बा घेऊन आला होता, सार. सगळ्यांनी पाहिलंय.” आणि स्कूटर कुणी काढून दिली? सुब्बानं. झालं! गोष्ट पूर्ण जुळली.

सुब्बानं महालक्ष्मीकडे पाहिलं. “अम्मा, तुम्ही सांगा ना.” तिनं मान खाली घातली. मधुसूदननं त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली.

बुधवारी सुब्बा दिवसभर पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून होता. गुरुवारीही. महालक्ष्मीनं गळ्यात हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घातला होता, ताली नसली की घालतात तसा. रघुरामराव तिच्यावर रागावले नाहीत. उलट म्हणाले, “सोनं गेलं, जाऊं दे गे. तू आहेस, मी आहे.” ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

शुक्रवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे शेजारी चौकशीला आले. रघुरामराव त्यांना कॉफी देत सांगू लागले, “कुलूप दिंडिगलचं. म्हणजे त्या वॉचमननंच...”

“पुरे हो!” महालक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “तुमच्या कुलपाचं कौतुक पुरे! किल्ली चपलेत होती. रोज चपलेतच ठेवत होते मी. तो तर मला टाकून बोलला होता, अम्मा असं ठेवू नका म्हणून. त्यानं काही केलं नाहीं. मी खोटं बोलले.”

शेजाऱ्यांनी कॉफी तशीच ठेवली आणि काढता पाय घेतला. रघुरामरावांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच कबुली दिली होती. मग उठून त्यांनी छत्री घेतली. “चल,” म्हणाले. “गाडी नाहीं, ऑटोनं जाऊं.”

आधी जिम. मधुसूदननं त्यांना आत बसवलं, हळू आवाजात म्हणाला, “अम्मा, आता हे कशाला? नवीन मेंबर यायचेत. मांडणीतून किल्ल्या जातात असं कळलं तर माझं नाव खराब होईल.” महालक्ष्मी म्हणाली, “आणि त्याचं नाव खराब झालंय, त्याचं काय?” मग पोलीस स्टेशन. तिथं तिनं लिहून दिलं, सही केली. लिहिणारा हवालदार मध्येच म्हणाला, “हे मंगळवारीच सांगितलं असतंत तर आम्ही त्या पोराच्या मागे तरी लागलो असतो.”

स्कूटर आठ दिवसांनी ओरगडमच्या रस्त्याला सापडली, आरशांशिवाय. ताली मिळाली नाही, चोरही नाही. मधुसूदननं कॅमेरा मांडणीकडे फिरवला आणि शिट्टी सुब्बाला परत दिली. त्यानं ती घेतली. घरी बसून त्याचं कसं भागणार?

तो परत आला त्या सकाळी महालक्ष्मी मुद्दाम लवकर गेली. खाली पार्किंगमध्येच त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं मला सेफ्टी पिनेनं टी-शर्टला आतून अडकवलं होतं. “सुब्बा, बघ,” ती म्हणाली. “आता चपलेत ठेवत नाही.” पिन सोडून तिनं मला त्याच्यापुढे केलं. त्यानं मला हातात घ्यावं, पहिल्यासारखं झापावं, एवढंच तिला हवं होतं.

सुब्बानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“बरं झालं, अम्मा,” तो म्हणाला. “तुमच्यापाशीच असू दे.” आणि लंगडत गाड्या लावायला गेला.

मित्रांनो, म्हणून आज मला कुणी हात लावू नये असं वाटतं आहे. पण नऊ वाजले की महालक्ष्मी येईल, मला काढील, पिनेला अडकवील आणि आम्ही जाऊ. गुडघे आहेत, साखर आहे, जायलाच हवं. तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की आम्हा किल्ल्यांना अंगावर बाळगा. चपलेत, कुंडीखाली, गाडीच्या डिकीत ठेवू नका, कारण आम्हाला कुणाच्याही हातात फिरावं लागतं. आणि ठेवलीच, आणि काही गेलंच, तर विचारणाऱ्याला त्याच क्षणी खरं सांगा, लाज वाटली तरी सांगा. आमची महालक्ष्मी फक्त तीन दिवस गप्प राहिली होती. सुब्बा अजून रोज तिची स्कूटर नीट सावलीत लावतो. पण खाली काही पडलं, तर आता तो उचलत नाही. हाक मारतो आणि ज्याचं त्यानं येऊन उचलेपर्यंत लांब उभा राहतो.