एका दिवसाचे नऊ सेकंद

केपटाउनच्या त्या कार्टून स्टुडिओत माणशी दिवसाला पाच सेकंदांचं कार्टून, असा दर होता. लिंडेल्वाने सोमवारी नऊ सेकंद दिले. तिचा तीन महिन्यांचा करार शुक्रवारी संपत होता आणि तो वाढावा म्हणून तिची धडपड चालली होती.

मंगळवारी डिऑन मॅनेजरने फळ्यावरचा पाच पुसून नऊ लिहिला. "जमतंय की! आजपासून सगळ्यांना नऊ."

शेजारच्या टेबलावरची, फल्दीला नावाची आंटी पुटपुटली, "शाब्बास गं बाई! आमच्याकडेही तयार सेकंद असतात, पण आम्ही ते मोजून बाहेर काढतो. तुला काय अख्खं पातेलं पालथं करायची हौस?"

लिंडेल्वाला स्वस्थ बसवेना. त्या नऊपैकी चार सेकंद तिने रविवारी, चर्च बुडवून, घरी केले होते. सांगावं तर करार जायचा, न सांगावं तर स्टुडिओतल्या बाकीच्या वीस माणसांचे रविवार जायचे. ती दोनदा उठली, दोनदा बसली. तिसऱ्यांदा बोलूनच गेली, "डिऑन, ते एका दिवसाचे नाहीत. चार मी रविवारी घरी केलेत."

डिऑनचा चेहरा खुलला. "म्हणजे घरी कॉम्प्युटर आहे तुझ्याकडे? आधी नाही का सांगायचं! आणखी कुणाकडे आहे?"

"माझा बिघडलाय," आंटी ताडकन म्हणाली.

"माझा भावाने नेला," मागून कुणीतरी म्हणालं.

मिनिटाभरात वीसही जणांचे कॉम्प्युटर नाहीसे झाले. नऊ सेकंदांना उरली एकटी लिंडेल्वा. शुक्रवारी तिचा करार वाढला, रविवारासकट.