मुठीला चिठ्ठी नसलेली

मित्रांनो, आत्ता वीज गेली आहे. गल्लीतले सगळे माग थांबले आहेत, तेवढ्यात माझं सांगून घेते. वीज आली की इथे कुणाचंच ऐकू येत नाही.

मी एक जुनी प्रवासाची बॅग आहे. माझ्याकडे पाहून तसं वाटणार नाही. माझ्या पोटात सुताच्या कांड्या भरल्या आहेत, अंगावर सुताची धूळ बसली आहे आणि एक चाक झिजून वाकडं झालं आहे. पण एके काळी माझं निळं जाड कापड असं होतं, की पावसाचं पाणी त्यावर थांबत नसे. बेळगावच्या कॅम्पातल्या एका हवालदाराने मला घेतलं. त्याच्याबरोबर मी बर्फ पाहिला, वाळू पाहिली, आगगाडीच्या बाकाखाली राहून किती मुलुखांची माती हुंगली. घरी आला की तो मला पलंगाखाली हळूच सरकवायचा, झोपलेलं लेकरू सरकवावं तसं. पुढे तो निवृत्त होऊन आपल्या गावी गेला आणि मी जुन्या बाजारात आले. तिथून मला मालुबाईने बेळगावच्याच वडगाव भागात, विणकरांच्या गल्लीत आणलं.

मालुबाई विणकरीण. नवरा लवकर गेला. मागे एक माग आणि एक लेक, मनिषा. पुढच्या खोलीत माग, आणि मागावरच्या फळीवर मी. तिथून मला सगळं दिसायचं.

चाकांची बॅग आख्ख्या गल्लीत मी एकटीच. म्हणून मी मालुबाईची राहिले नाही, गल्लीची झाले. नवरी सासरी निघाली की मी. कुणी बाळंतपणाला माहेरी आली की मी. शेजारच्या सोनाबाई तर माझ्यावरून हात फिरवून म्हणायच्या, "ही भरल्या पोटानं जावी, भरल्या पोटानं यावी. रिकामी बॅग दारात आली तर घराची बरकत जाती बघा." ते मला तेव्हा कौतुक वाटायचं. तेच पुढे फास झालं.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. माग सुरू असला की खटाक खटाक आवाजात शब्द ऐकू येत नाही. म्हणून इथली माणसं ओठ वाचतात. आई मागावरून मान न वळवता लेकीच्या ओठांतून 'भूक लागली' वाचते. बाया या दारातून त्या दारात ओठांनीच भांडतात. माग कुणी थांबवत नाही. माग थांबला म्हणजे घरात काहीतरी घडलं.

त्या दिवशी मालुबाईने माग थांबवला.

कॉलेजचं नवं सत्र सुरू झालं होतं. पहिल्याच दिवशी नागेंद्र सरांनी मुलांना बसवून जगातल्या संधी सांगितल्या होत्या. जर्मनीत उन्हाळी वर्ग आहे, कोरियात युवक शिबिर आहे, जपानमध्ये विद्यार्थ्यांची परिषद आहे. हातमाग आणि यंत्रमाग यांवर मनिषाने एक निबंध लिहिला होता. जपानच्या परिषदेला तो सरांनी सुट्टीतच धाडला होता, आणि तो निवडला गेला. ती धावत घरी आली, उंबऱ्यातूनच ओरडली, "आई! जपानच्या परिषदेत मी लाईव्ह जाणार!"

मालुबाईने ओठ वाचले. जपान. जाणार. तिने खटका ओढला. माग थांबला तशी गल्ली गोळा झाली.

"काय गं मालू, काय झालं?"

"माझी मनी जपानला चालली!"

"आई, तसं न्हाय. लाईव्ह. लाईव्ह म्हंजे..."

"लाईव्ह म्हंजे खुद्द!" भरमूअण्णा म्हणाले. ते गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. कुणी जन्मो, पास होवो की निवडून येवो, फ्लेक्स लावायचं काम त्यांचं. "लाईव्ह म्हंजे फोटोतनं न्हाय, खुद्द. आमी सांगतो की. आता पोरगी लाजती बघा!"

सगळे हसले. मनिषाही हसली, आणि त्या हसण्यातच तिची वेळ निघून गेली. सांज व्हायच्या आत कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. वरती विमान, खाली मनिषाचा फोटो, त्याखाली मोठ्या अक्षरात: 'मालुबाईंची कन्या जपानला रवाना. हार्दिक अभिनंदन.' आणि तळाला भरमूअण्णांचा हात जोडलेला फोटो, मनिषाच्या फोटोपेक्षा थोडा मोठा.

दुसऱ्या दिवशी ती मागासमोर येऊन उभी राहिली. माग सुरू होता. आईच्या नजरेसमोर येऊन तिने सावकाश, एकेक अक्षर तोडून सांगितलं, "आई. मी जपानला जाणार न्हाय. कंप्युटरवरनंच बोलायचं हाय."

मालुबाईने तिच्याकडे पाहिलं. मान डोलावली. आणि तुटलेला धागा जोडायला खाली वाकली.

मला वाटलं, तिने 'जाणार' एवढंच वाचलं असेल. आपल्या बोलीत 'न्हाय' शेवटी येतं. तोवर तिची नजर तुटलेल्या धाग्याकडे गेली असेल. मनिषालाही तसंच वाटलं. पुन्हा सांगायला तिचे ओठ उघडेनात. मग सत्कार झाला. नारळ आला, शाल आली. मला फळीवरून उतरवलं, पुसलं, ओटी माझ्यात ठेवली. सोनाबाईंनी कुंद्याचा, त्या खव्याच्या मिठाईचा, डबा दिला, "तिथल्या बाईंना दे गं, म्हणावं बेळगावचा हाय." आणि मालुबाईने स्वतःच्या हाताने विणलेली जांभळी साडी घडी मोडू न देता वर ठेवली. ठेवता ठेवता ओवी म्हटली:

"लेक माझी गं चालली, ढगामागल्या गावाला,
चांदा, दिवटी धर बाबा, माझ्या मनीच्या वाटंला."

मित्रांनो, इतक्या लेकी मी सासरी पोचवल्या, पण इतकी जड मी कधीच नव्हते.

पुण्याच्या बसमध्ये मला चढवलं. पुण्याहून विमान, असं मनिषाने सगळ्यांना सांगितलेलं. गल्लीने हात हलवले. काकती मागे पडलं, घाटातल्या वळणावर मनिषाने खिडकीला डोकं टेकलं, आणि निपाणी आलं तेव्हा ती उतरली. तिची मैत्रीण मंजुश्री तिथे मावशीच्या रिकाम्या घरात राहून शिकत होती. मंजुश्रीने मला हातात घेतलं आणि पोटभर हसली.

"अगं, जपानी लोक आपल्या देशाला निप्पॉन म्हणत्यात. तू निपाणीत हायस. लई लांब न्हायस बघ!"

मनिषा हसली. मग रडली. मग परत हसली.

परिषदेच्या दिवशी तिने ती जांभळी साडी नेसली आणि मंजुश्रीच्या लॅपटॉपसमोर बसली. माझ्यावर पुस्तकं रचून लॅपटॉप उंच केला होता, म्हणून तिचं भाषण मी पाठीवर पेललं. आमच्याकडे माणसं ओठ वाचतात, असं ती इंग्रजीत म्हणाली. माझी आई कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकते. पडद्यावरच्या चौकटींत कुठल्या कुठल्या देशांची मुलं टाळ्या वाजवत होती. एक जपानी बाई डोळे पुसत होत्या. इतका मोठा मान आणि इतकी छोटी खोली. ते पाहायला गल्लीतलं कुणी नव्हतं. मी होते.

परतायची वेळ आली, तेव्हा तिला सोनाबाईंचं म्हणणं आठवलं. रिकामी बॅग दारात न्यायची नाही. तिने निपाणीच्या बाजारात जाऊन रंगीत कागदातल्या गोळ्या घेतल्या, पेनं घेतली, छोटे हातपंखे घेतले. माझं पोट भरलं. कुंद्याचा डबा मात्र तिला टाकवेना. बुरशी धरली होती तरी टाकवेना. तो तिने तळाशी ठेवला.

गल्ली वाट पाहत होती. दारातच रांगोळी. भरमूअण्णा पुढे. आणि शामूआप्पा. ते दुबईला गवंडीकाम करून आलेले, विमानाचं त्यांना कळायचं. मनिषाला कुणी पाणीही दिलं नव्हतं, तोच त्यांनी माझी मूठ धरली आणि उलटसुलट केली.

"मने, विमानात बॅग टाकली की मुठीला चिठ्ठी गुंडाळत्यात. कुठाय ती?"

"काढून टाकली आप्पा."

"अशी निघत न्हाय ती. आमची सा म्हैने निघाली न्हवती."

"असंल हो," सोनाबाई म्हणाल्या. "उघडा आदी. काय आणलंय जपानातनं बघू."

मला उघडलं. पोरांनी गोळ्यांवर झडप घातली. बाया पंख्यांनी वारा घेऊ लागल्या. सोनाबाईंनी गोळ्यांची पिशवी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "जपानात कानडी लिवत्यात व्हय गं?"

पिशवीवर दुकानाचं नाव होतं. कानडीत. खाली मराठीतही. निपाणी.

मग कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे. शामूआप्पांना ठसका लागला. भरमूअण्णा हसले नाहीत. ते कोपऱ्याकडे, आपल्या फोटोकडे पाहत होते.

"मी भाषण केलंय," मनिषा म्हणाली. "खरंच केलंय. कंप्युटरवर, लाईव्ह. सगळ्या देशांची मुलं होती. आई, तुझ्याबद्दल बोलले मी..."

सगळ्यांनी मालुबाईकडे पाहिलं. मालुबाईने गल्लीकडे पाहिलं. मग तिने हात उगारला आणि सगळ्यांसमोर लेकीच्या तोंडात मारली.

"फसवलीस मला!" ती ओरडली. "जीव जाळून वाढवली, आन् मला फसवलीस!"

तेवढ्यात तळाशी कुंद्याचा डबा सापडला. सोनाबाईंनी झाकण उघडलं. हिरवी बुरशी. त्यांनी डबा पदराखाली घेतला आणि त्या घरी गेल्या. सगळ्या हसण्यापेक्षा ते मनिषाला जास्त लागलं.

पोरांना गाणं सुचायला वेळ लागत नाही. अंधार पडायच्या आत गाणं तयार होतं:

"मनी निघाली जपानी,
उतरली की निपाणी!
लाईव्ह लाईव्ह बॅग भरली,
गोळ्या आणल्या दुकानी!"

हे गाणं त्या दिवशी संपलं नाही. ती पाण्याला गेली की गाणं. कॉलेजला निघाली की गाणं. गोळ्या चघळत चघळत गायचे. तिचं नावच पडलं, लाईव्ह. "लाईव्ह आली रं!" म्हटलं की हसण्यासाठी आणखी काही लागायचं नाही. फ्लेक्स भरमूअण्णांनी उतरवला, पण अर्धाच. आपला फोटो कापून नेला. विमान आणि मनिषा तशीच लोंबत राहिली.

मग एके दुपारी, आजच्यासारखीच, वीज गेली. माग थांबले. मनिषा कांड्या भरत बसली होती. मालुबाई मागाच्या पाटावरच बसून होती. ती म्हणाली, "मने, त्या दिशी तू म्हणालीस न्हवं, जाणार न्हाय म्हणून."

मनिषाचे हात थांबले.

"मला 'न्हाय' सुदिक दिसलं हुतं," मालुबाई म्हणाली. "ओठ वाचायला मला कुणी शिकवायचं? पर बोर्ड लागला हुता गं. मालुबाईंची कन्या, म्हणून. माझं नाव कुणी एवढ्या मोठ्या अक्षरात कवा लिवलं हुतं? म्हणलं, ऱ्हाऊ दे चार दिस."

"मग सगळ्यांम्होरं मारलंस ते?"

वीज आली. खटाक खटाक सुरू झालं. मालुबाईचे ओठ हलले असतील, नसतील. तिने लेकीकडे पाठ केली होती. पाठ वाचता येत नाही.

पुढचं सत्र सुरू झालं. नागेंद्र सरांनी मनिषाला बोलावून घेतलं. त्या जपानी बाईंनी तिचं नाव कोरियाच्या शिबिराला सुचवलं होतं. या वेळी खरोखरचं विमान. सगळी सोय त्यांची. फक्त घरच्यांचा होकार हवा.

ती घरी आली. धावत नाही, चालत. मागासमोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "आई. मी जाणार. या येळला खरंच जाणार."

मी फळीवर ताठ झाले. माझ्या वाकड्या चाकातसुद्धा जीव आला.

मालुबाईने ओठ वाचले. सगळे वाचले. तिने उघड्या दारातून गल्लीकडे पाहिलं. गल्लीत पोरं खेळत होती, आणि त्यांच्या ओठांवर अजून तेच गाणं होतं. मग तिने मान वळवली. माग थांबवला नाही. आवाज न करता, नुसत्या ओठांनी, एकच शब्द म्हणाली.

"न्हाय."

मनिषाने तो पुरता वाचला.

ती संधी तिच्याच कॉलेजातल्या, कॅम्पात राहणाऱ्या रचनाला मिळाली. चांगली मुलगी आहे, तिचा काय दोष. तिची बॅग नवी होती, असं ऐकलं. मनिषाने त्यानंतर कॉलेज सोडलं. आता घरात दुसरा माग आला आहे, त्यावर ती बसते. मला फळीवरून उतरवलं ते तिनेच. माझ्यात जांभळ्या सुताच्या कांड्या भरल्या, आणि रंग चुकू नये म्हणून वळणदार अक्षरात 'जांभळं' लिहून माझ्या मुठीला बांधलं.

तेव्हा मित्रांनो, माझ्या मुठीला आता चिठ्ठी आहे. शामूआप्पांना सांगा.

मला पुसा, ऊन दाखवा, चाकाला तेल घाला, असं मी मागत नाही. माझं आयुष्य झालं. एवढंच मागते. तुमच्या घरी कुणी धापा टाकत काही सांगायला आलं, तर आधी माग थांबवा. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि पुरं झालेलं ऐकलं असेल, तर ऐकलं म्हणा.

थांबते. वीज आली.