खाली न ठेवायचं शिंग

चांदीच्या कडेला एक पोचा होता, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि बेर्गुर केव्हाचा त्याच्यावरून बोट फिरवत बसला होता. पोचा त्यानेच पाडला होता. बारा वर्षं झाली असतील – शिंग धुताना नळावर आपटलं, आणि इंगवेल्द बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "फोडलंस?"

"नाही."

"मग आवाज कसला?"

"नळाचा."

ती हसली होती. बायकोला कळलं होतं हे त्यालाही कळलं होतं, आणि विषय तिथेच मिटला होता… तिने पुन्हा कधी काढला नाही. लोक पोचे मोजून ठेवतात. तिने नाही ठेवले.

शिंग बैलाचं, पेल्यासारखं प्यायचं, हातभर लांब, खालून टोकदार. कुठेच नीट उभं राहायचं नाही म्हणून त्याने एकदा हिवाळ्यात बर्चच्या लाकडाची बैठक करून दिली होती. इंगवेल्दने ती दोन्ही हातांत धरून पाहिली, छान झालीय म्हणाली, आणि मग, "पण राजा, हे खाली ठेवायचंच नसतं रे. हातात आलं की काहीतरी बोलायचं, प्यायचं, आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. ठेवायला जागा नाही, म्हणून तर माणूस बोलतो." बैठक शेडमध्ये ग्रीसच्या डब्यांमागे गेली. सप्टेंबरमध्ये, इंगवेल्द गेल्यानंतर चौथ्या दिवशी, त्याने ती बाहेर काढली, आणि सात महिने शिंग तिच्यात उभं होतं.

आज ते द्यायचं होतं.

काल हाफ्लिदीचा फोन आला होता. इंगवेल्दनंतर, जुने देव मानणाऱ्या इथल्या मंडळीचा गोथी, म्हणजे पुजारी, तो – ब्लोट चालवायचं, अग्नी पेटवायचा, शिंग फिरवायचं, हे आता त्याच्याकडे. "उन्हाळ्याचा पहिला दिवस आहे उद्या," तो म्हणाला, "शिंग लागेल रे. आणि तू ये. गाडीत बसायला नव्हे, वर ये."

"बघतो," बेर्गुर म्हणाला होता.

इथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे उन्हाळ्याचा पहिला दिवस, आणि खिडकीबाहेर ओला बर्फ तिरपा पडत होता. फ्रिजवर तिच्या चिठ्ठ्या अजून तशाच होत्या – पाकिटांच्या पाठीवर तिच्या मोठ्या अक्षरात जुने शब्द. पंचेचाळिसाव्या वर्षी तिने हे शब्द शिकायला घेतले तेव्हा तो म्हणाला होता, हे काय नाटकातलं बोलणं? ती म्हणाली, "नाटकातलं नाही, घरातलंच आहे. हजार वर्षं कुणी वापरलं नाही, म्हणून गंज चढलाय." गंज म्हटल्यावर त्याला पटलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. गंजाखाली लोखंड शाबूत असतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पुढे कॉफी उकळेपर्यंत तो फ्रिज वाचत उभा राहायचा. ब्लोट – पूर्वी बळी, आता आपला एक घोट. वैत्तिर – डोंगराचे, पाण्याचे राखणदार. आणि सगळ्यात खाली, कोपरा दुमडलेली – मिन्नी – गेलेल्यांच्या आठवणीचा घोट. ती चिठ्ठी सात महिने त्याने वाचली नव्हती. म्हणजे रोज वाचली होती.

देऊन टाकायचं आणि यायचं, त्याने ठरवलं. वर गेलो तर शिंग हातात येणार, हातात आलं तर बोलावं लागणार… आणि चार माणसांत मी तिच्याबद्दल जन्मात एक शब्द बोललेलो नाही. दफनाच्या वेळीही नाही. त्या दिवशी सगळे बोलले, आणि मी फावड्याच्या दांड्याची चीर बघत उभा होतो.

त्याने शिंग तिच्या लोकरीच्या शालीत गुंडाळलं. बैठक टेबलावर राहिली.

लाव्हाच्या माळाखाली त्याने नेहमीच्या जागी गाडी लावली. वीस वर्षं याच जागी. ती वर जायची, तो इथे थर्मास आणि वर्तमानपत्र घेऊन बसायचा. तासाभराने ती धुराचा वास घेऊन यायची, कागदी रुमालात गुंडाळलेली भाकरी आणि धुरावलेलं मटण त्याच्या मांडीवर ठेवायची आणि गाडी सुरू व्हायच्या आत सांगायला लागायची – कोण काय बोललं, कोण रडलं, कोण फारच लांबलं. तो म्हणायचा, हं. वीस वर्षांत तिने एकदाही म्हटलं नाही, की तूही चल. तेव्हा वाटायचं, तिला आपली गरज नाही. आज वाटलं – किती जपून बाहेर राहू दिलं तिने मला.

खिडकीवर टकटक झाली. ओदनी होती, शाळेची बस चालवणारी. "काय रे, वीस वर्षं गाडीतूनच बघितलंस. अजून तिकीट नाही काढलंस?"

"शिंग द्यायला आलोय."

"मग दे ना वर येऊन. मला नको देऊस, माझे हात मटणाचे आहेत." आणि ती खरंच चालायला लागली, मागे न बघता.

तो उतरला.

वर पंधराएक माणसं आगीभोवती उभी होती, टोप्यांवर बर्फ. हाफ्लिदीने शिंग घेतलं, पोच्यावर त्याचाही अंगठा क्षणभर थांबला, आणि त्याने त्यात बिनदारूचं माल्ट ओतलं – घरी गाडी चालवत जायचं असतं सगळ्यांना. बेर्गुर जरा मागे उभा राहिला. पहिला फेरा देवांचा, दुसरा राखणदारांचा. दोन्ही वेळा त्याने शिंग नुसतं ओठांना लावून पुढे दिलं. मग हाफ्लिदी म्हणाला, "आता मिन्नी," आणि स्वतः आपल्या वडिलांचं नाव घेतलं. इंगवेल्दचं घेतलं नाही. पुढच्यानेही नाही. ओदनीने आजीचं घेतलं – "कजाग होती, पण मासे तळावे तिनेच." लोक हसले. शिंग सरकत येत होतं आणि तिचं नाव कुणीच घेत नव्हतं, आणि त्याला आधी राग आला, मग कळलं – ती जागा त्यांनी त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती.

शिंग हातात आलं. गरम होतं, इतक्या हातांमधून आलेलं. त्याने खाली पाहिलं – दगड, शेवाळ, बर्फ. ठेवायला कुठेच जागा नव्हती.

"हे कोमट पाण्याने धुवायचं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "कढत घेतलं तर वास धरतं. घरी आल्यावर ती ते माझ्याकडे द्यायची… मी धुवायचो. हा पोचा माझा आहे. ती बोलली नाही कधी."

आग चरचरत होती.

अजून काहीतरी हवं होतं. फ्रिजवरचे सगळे शब्द त्याने आठवून पाहिले, एकही जवळ येईना. आला तो स्वयंपाकघरातला – जेवून उठताना इथे म्हातारेकोतारे, पोरंटोरं सगळेच म्हणतात तो, जो त्याने चाळीस वर्षं ताटलीकडे बघत पुटपुटला होता, ती ऐकते आहे की नाही हे न बघता.

"मला वाढलंस," तो म्हणाला, "आभार."

आणि प्यायला. माल्ट गोड होतं, थोडं धुरकट. त्याने शिंग शेजारच्या हातात दिलं.

नंतर हाफ्लिदी गाडीपर्यंत आला. "कोमट पाणी. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "मग? शिंग धुवायला नेतोस, का मी नेऊ?"

"आज तू ने," बेर्गुर म्हणाला, आणि थोडं थांबून, "पुढच्या वेळचं बघू."

गाडीत तो बराच वेळ किल्ली न फिरवता बसला. ओदनीने निघताना हातात कोंबलेली भाकरीची पुरचुंडी मांडीवर गरम लागत होती. हात रिकामे होते. अजून शिंगाच्या आकारात वळलेले. मग ध्यानात आलं – नाव घ्यायचं राहिलंच. सगळं बोललो, आणि तिचं नाव घेतलं नाही… त्याने वाईट वाटण्याची वाट पाहिली. वाटलं नाही. घरात तरी कुठे नावाने हाक मारायचो.

बाहेर बर्फाचं पाणी होत होतं. त्याने पुरचुंडी उघडली, एक तुकडा मोडला, आणि शेजारच्या सीटकडे न बघता सांगायला सुरुवात केली – हाफ्लिदी वडिलांबद्दल बोलला, फार नाही लांबला. ओदनी आजीला कजाग म्हणाली, सगळे हसले. आणि मग शिंग माझ्याकडे आलं…