भंडारा लावलेला एडका

मी एक एडका आहे. एडका म्हणजे मेंढ्यांच्या कळपातला नर. माझ्या डाव्या कानाला गोल भोक आहे, तिथे पूर्वी सतरा नंबरचा पिवळा बिल्ला होता. लोक मला बघून अजूनही थांबतात, कारण माझे खांदे दोन एडक्यांचे मिळून एकाला दिल्यासारखे आहेत. मित्रांनो, या खांद्यांचा मला फार तोरा होता. तो कसा उतरला, तेवढेच सांगायचे आहे.

माझा जन्म माळावर झाला नाही. वाळूजच्या कारखान्यांपलीकडे एका कंपनीची प्रयोगशाळा होती आणि तिच्या मागे पत्र्याचा गोठा. प्रत्येक जिवाच्या शरीरात जनुके असतात. रंग कोणता, वाढ किती, हे ती ठरवतात. मेंढीचे स्नायू हद्दीबाहेर वाढू नयेत म्हणून एक जनुक लगाम धरून असते. मी डोळ्यांना दिसणारही नाही एवढा होतो, तेव्हाच मृण्मयी मॅडमनी तो लगाम काढून टाकला. त्या तिथल्या शास्त्रज्ञ. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो. पाहुणे आले की त्या म्हणत, "पाच मेंढ्यांइतकं मांस दोन देतील. चारा कमी लागेल, उजाड माळ पुन्हा हिरवे होतील." हे ऐकून माझी छाती आणखी फुगायची.

पण जन्माच्या वेळी मी आईला पेललो नाही. तिचे पोट चिरून मला बाहेर काढले. सगळे माझ्याभोवती जमले, मला काट्यावर ठेवले, फोटो काढले. तिसऱ्या दिवशी आई गेली. मी तिला उभी असलेली कधी पाहिलीच नाही.

मृण्मयी मॅडम मला बाटलीने दूध पाजत, पण मला ओढवेना. गोठ्यात त्रिंबक नावाचा मेंढपाळ कामाला होता. त्याचा कळप अजिंठ्याकडे होता आणि त्याची बायको दिपाली तो सांभाळायची. त्याची आई पुतळाबाई गोठ्यातल्या लेंड्या काढायला येई. तिने कनवटीची पुडी सोडली, माझ्या कपाळाला हळदीचा भंडारा लावला आणि म्हणाली, "जगला तर खंडोबाचा. याला कुनी कापायचं नाय." असा देवाला सोडलेला एडका त्यांच्या घरात कोणी मारत नाही आणि विकतही नाही. मी जगलो.

माझ्यासारखी आणखी कोकरे झाली. त्यांच्याही आया गेल्या. तेव्हा मॅडमनीच प्रयोग थांबवायला लावला. आम्हा सगळ्यांना सुई देऊन मारायचे आणि मग जाळायचे ठरले. "यांची पिल्लं बाहेर पसरली तर परत गोळा करता येणार नाहीत, त्रिंबकभाऊ," त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली. त्याला मात्र माझे कपाळ दिसत होते.

त्याच आठवड्यात त्याने आपल्या कळपातला एक एडका टेम्पोतून आणला. माझा बिल्ला काढून त्याच्या कानात बसवला आणि परतीच्या टेम्पोत मला घातले. सुई त्रिंबकनेच दिली. मॅडम आल्या तेव्हा तो एडका मरून पोत्यात पडला होता, फक्त कान बाहेर होता. ज्याला बाटलीने पाजले त्याचे तोंड त्यांना बघवेना. पोते न उघडताच त्यांनी सतरा नंबर वाचला आणि सही केली. माझ्या नावावर दुसराच गेला, आणि मला त्याचे काहीच वाटले नाही. मी मोकळा माळ बघण्यात गुंग होतो.

गोठा बंद झाला तसे त्रिंबक आणि पुतळाबाईही कळपाकडे परतले. माळावर माझे कोण कौतुक झाले! "लई दांडगं जनावर हाय," असे म्हणत शेजारचा खंडेराव मला सगळ्यांत आधी मागायला आला. त्यालाही कळपात माझ्यासारखी कोकरे हवी होती. मागायला आलेल्याला एडका द्यायला नाही म्हणायचे नाही, ही त्या घराची रीत. त्यातून मी देवाचा. मी या कळपातून त्या कळपात पाहुणा म्हणून जाऊ लागलो.

पहिल्या वर्षी आमच्या दोन मेंढ्या विताना मेल्या. बाकीच्या सुखरूप सुटल्या. पुतळाबाईने मिरच्या ओवाळून नजर काढली. दुसऱ्या वर्षी सात मेल्या. त्रिंबकला कारण कळले होते, पण तो बोलला नाही. रोज सकाळी येऊन तो माझ्या कपाळावरचा भंडारा तेवढा ताजा करी. मलाही कळले होते, मित्रांनो. माझी आई कशी गेली ते मला माहीत होतेच की. पण मी मुका.

मग कवडीची वेळ आली. दिपालीला लग्नात भावाने दिलेली ही मेंढी. बाकी कळप घराचा, कवडी तिची एकटीची. सकाळपासून ती कण्हत होती आणि कोकरू अडले होते. दिपालीने तिचे डोके मांडीवर घेतले. ते बघून त्रिंबकने बिल्ल्याची सगळी हकिगत सांगितली.

"दोन साल तुमाला ठावं व्हतं?" दिपालीने विचारले.

"व्हय."

"मॅडमला फोन लावा."

"अगं, त्या एडक्याला नेतील. देवाचा हाय तो," पुतळाबाई म्हणाली.

"न्यू द्या. माझी कवडी देवाची नाय का?"

मॅडम डॉक्टरला घेऊन जीपने आल्या, तोवर दुपार झाली होती. कवडीचे डोळे नुकतेच थिजले होते. तिचे पोट चिरून कोकरू काढले, ते जिवंत होते. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि कानाच्या भोकावरून बोट फिरवत म्हणाल्या, "पोतं उघडायला हवं होतं मी." मग त्यांनी मी कोणाकोणाच्या कळपात गेलो होतो ते विचारले. त्रिंबक बोटे मोजू लागला. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली. त्यातले बरेच कळप चाऱ्यासाठी केव्हाच दूर गेले होते. माझी पहिली कोकरे तिकडे वयात आली असतील, आणि त्यांनाही कोणी मागायला येत असेल.

गलका ऐकून खंडेराव आला. कवडी तिथेच पडली होती. तिला ओलांडून त्याने कोकरू उचलले, त्याचे रुंद खांदे चाचपले आणि हसून म्हणाला, "बापावर गेलंय. मोठं झालं की मला द्या बरं का."

दिपालीने कोकरू त्याच्या हातातून काढून घेतले.

उद्या मला न्यायला येतील. या वेळी पोते उघडून बघतील, आणि तेच बरोबर आहे. पण माझी कोकरे रस्त्याने पुढे गेली आहेत. मित्रांनो, माणसाने जीव घडवू नयेत, असे मी कोण सांगणार? मी स्वतःच घडवलेला आहे. तुम्ही मोठे झाल्यावर कदाचित तुम्हीही घडवाल. एवढेच करा. एखादे दांडगे, देखणे कोकरू दिसले, तर त्याचे कौतुक करण्याआधी विचारा, याची आई कुठे आहे?